चौदा महिन्यांच्या नोंदी

तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी कामावर गेलो. घरी बसून करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी पूर्णा विद्यापीठात काचकाम करतो. रसायनशास्त्राच्या इमारतीमागे आमची कार्यशाळा आहे. प्रयोगशाळांना कधी कधी अशा नळ्या आणि फ्लास्क लागतात, जे बाजारात मिळत नाहीत. ते मी ज्योतीवर काच फुंकून बनवून देतो. सव्वीस वर्षं हेच केलं.

कार्यशाळेच्या दारावर छोटा पडदा आणि कीबोर्ड आहे. ओळखपत्राचं कार्ड लावलं की पडद्यावर एखादी ओळ येते, ती टाइप केली की दार उघडतं. त्या दिवशी ओळ होती, ‘उन्हाळ्यात नदीचं पाणी आटतं.’ मी टाइप केली. दार उघडलं नाही. पडद्यावर अक्षरं आली :

सुचेता मुकुंद कासार. मृत. मुद्रा सीलबंद. प्रवेश नाही.

मी ते तीनदा वाचलं. मुकुंद कासार मी. सुचेता माझी बायको, जिचं तेरावं मी आदल्या दिवशी केलं होतं.

पाच मिनिटांत फाटकावरचे इसाकभाई धावत आले. मला बघून ते दचकले आणि मग त्यांनी मान खाली घातली.

“कासारभाऊ, तुम्ही हाये का जी,” ते म्हणाले. “माझ्या फोनवर तर वहिनींचं नाव आलं. मी म्हटलं, असं कसं होईन बाप्पा.”

त्यांनी मला पुन्हा टाइप करायला लावलं. तेच नाव आलं. तिसऱ्यांदाही तेच. मग भोंगा वाजला आणि पडदा बंद झाला. इसाकभाईंनी मला घरापर्यंत सोडलं. 

मुद्रा म्हणजे काय ते इथेच सांगतो, मला समजलं तेवढं. माणूस टाइप करतो तेव्हा तो प्रत्येक कळ किती वेळ दाबून ठेवतो, एका कळीवरून दुसरीवर जायला किती वेळ घेतो, शब्द संपल्यावर किती थांबतो, हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजता येतं. दोन माणसांची मापं कधीच सारखी येत नाहीत. पासवर्ड चोरता येतो. बोटाचा ठसा उचलता येतो. पण दुसऱ्याची लय दिवसभर उसनी आणता येत नाही. आणि मुद्रा एकदा तपासून सोडून देत नाही. तुम्ही कामाला बसल्यापासून उठेपर्यंत ती तपासत राहते. वयाने किंवा आजाराने माणसाची लय बदलते, म्हणून यंत्र जुना नमुना रोज अगदी थोडा नव्याकडे सरकवतं. बदल एकदम झाला तर ते दार लावून घेतं. हळूहळू झाला तर त्या माणसाबरोबर चालत राहतं.

मुद्रा आली तेव्हा मला बरंच वाटलं होतं. ज्योतीजवळ काम करून माझ्या बोटांचे ठसे कधीच पुसले गेलेत. हजेरीचं जुनं यंत्र मला रोज चार-पाच वेळा नाकारायचं आणि मागे रांग लागायची.

त्यातच आमच्याकडे एक प्रकरण झालं. वारलेल्या एका विभागप्रमुखांच्या खात्यातून सात महिने कोणीतरी गुण बदलत होतं. मग माहिती सुरक्षा धोरणात कलम चौदा आलं. माणूस वारला की त्याची मुद्रा कायमची सीलबंद. ती लय विद्यापीठात कुठेही दिसली की दार बंद. आणि सीलबंद मुद्रेने केलेल्या नोंदी अंतिम, त्या कुलगुरूंनाही बदलता येणार नाहीत. सुचेता परीक्षा विभागात कक्ष अधिकारी होती. या कलमाचा मसुदा तिनेच तपासला होता. “बरं झालं,” ती तेव्हा म्हणाली होती, “आता मेलेल्याच्या नावावर कोणी काही खपवणार नाही.”

पुढचे दिवस असे गेले.

आम्ही विद्यापीठाच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये राहायचो. क्वार्टरला साधं कुलूप आहे, पण आवाराच्या फाटकावर मुद्रा लागते. दवाखान्यात लागते, सहकारी भांडारात लागते, कार्यशाळेतला गॅसचा व्हॉल्व्हसुद्धा मुद्रेशिवाय उघडत नाही. इसाकभाई मला पाहुण्याचा पास देऊ शकत होते. पण पाहुण्याने संध्याकाळी सहाच्या आत आवार सोडायचं असतं. म्हणजे मी पास घेतला तर सहा वाजता मला माझ्या घरातून बाहेर पडावं लागणार. आणि पास न घेता बाहेर गेलो तर परत आत येता येणार नाही. म्हणून मी बाहेर जाणं सोडलं. दूध आणि भाजी इसाकभाई आणून द्यायचे.

तक्रार करायची तर ती संगणकावरच करावी लागते, कागद घेणं तीन वर्षांपूर्वीच बंद झालंय. शेजाऱ्यांच्या संगणकावर तक्रार लिहिली. दोन मिनिटांत उत्तर आलं : मृत व्यक्तीचा अर्ज स्वीकारता येत नाही. शेजाऱ्यांचं खातंही दिवसभर बंद पडलं. मग मी कोणाच्या घरी जाणं सोडलं.

लेथवर काम करणारा भोंगळे माझ्या बरोबरीचा. एका सकाळी तो कुंपणापलीकडून जाता जाता मला बघून थट्टेने ओरडला, “काय वहिनी, चहा ठेवला का?” बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं. तो तिथेच उभा राहिला, मग निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने भाकरी आणि ठेचा पाठवला. मला राग आला नव्हता. आठवडाभरात माझ्याशी कोणीतरी नेहमीसारखं बोललं होतं.

अकराव्या दिवशी शर्वरी आली. शर्वरी मोहोड विद्यापीठाची माहिती सुरक्षा अधिकारी आहे. वय बत्तीस. तिची पहिली नोकरी परीक्षा विभागात, सुचेताच्या हाताखाली. मला काका म्हणते. तिने चपला बाहेर काढल्या, सुचेताच्या फोटोला नमस्कार केला आणि लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला.

“काका, दोन आलेख दाखवते. रागावू नका,” ती म्हणाली.

पहिला आलेख कळा दाबण्याचा होता. सुचेताच्या खात्यातली रेघ चौदा महिन्यांपूर्वी एका उंचीवर होती. मग ती सरकत सरकत दुसरीकडे गेली आणि तिथेच राहिली.

“ही नंतरची रेघ तुमच्या बोटांची आहे. तुम्ही दारावर ज्या ओळी टाइप करता त्यांच्याशी जुळते. मॅडम होत्या तोवर यंत्र फक्त कार्डावरचं नाव बघायचं आणि तेवढीच मुद्रा तपासायचं, म्हणून कुणाला कळलं नाही. आता ते आधी मृतांची यादी बघतं.”

दुसरा आलेख थांबण्याचा होता. आकडा संपल्यावर किती, नाव संपल्यावर किती, ओळ संपल्यावर किती. त्यातली रेघ सगळे महिने जागची हललीच नव्हती.

“ही कोणाची?” मी विचारलं.

“मॅडमची. आजारपणाआधी होती तशीच. बोटं तुमची आहेत काका, पण थांबणं मॅडमचं आहे. आणि तुम्ही आता एकटे टाइप करता तेव्हाही बरोबर तिथेच, तेवढंच थांबता.”

मी काही बोलणार तेवढ्यात तिने हात वर केला. “मी तुम्हाला काही विचारलेलं नाही. तुम्हीही मला काही सांगू नका. सांगितलंत तर मला ते लिहावं लागेल.”

तिला जे सांगितलं नाही ते असं होतं.

केमो सुरू झाल्यावर सुचेताच्या बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या, मग ती बधिर झाली. कळ दाबली गेली की नाही हे तिला कळेना. रजा भरपूर शिल्लक होती. तिला ती घ्यायची नव्हती. “घरी बसले तर मी नुसती आजारी उरेन,” ती म्हणाली. घरून काम करायची परवानगी मिळाली. पहिल्या आठवड्यात ती टाइप करायची आणि चुकलेली कळ मी दाबायचो. मग शेवटच्या दहा ओळी मी, मग अर्धं काम मी. दोन महिन्यांनी ती माझ्या शेजारी खुर्चीत बसून सांगायची आणि मी टाइप करायचो. काम होतं गुणपडताळणीचं. विद्यार्थी अर्ज करतो, सुचेता उत्तरपत्रिका पुन्हा बघते आणि गुण बदलायचे की नाही ते ठरवते. तिने ठरवलेला एकही गुण मी कधी बदलला नाही, मला त्यातलं कळतही नव्हतं. ती बैठक क्रमांक सांगायची, थांबायची. नाव सांगायची, जरा जास्त थांबायची. मी घाई केली की म्हणायची, “थांबा हो. हे कुणाचं तरी वर्ष आहे.” नवऱ्याला हाताखाली घेतलं म्हणून तिला मजाही वाटायची. चहाच्या वेळी मला ‘कासारबाबू’ म्हणायची.

चोरी करतोय असं आम्हाला एकदाही वाटलं नाही. ती आजारी होती, तिचे हात चालत नव्हते, माझे चालत होते.

शर्वरीने वाट सुचवली. धोरणात नवी नोंदणी करता येते, पण नवी लय कोणत्याही सीलबंद लयीशी जुळता कामा नये. पन्नाशी ओलांडल्यावर बोटं बदलत नाहीत. थांबणं मात्र बदलता येतं. तिने मला जोडणी नसलेला एक लॅपटॉप दिला. काहीही टाइप केलं की तो सुचेताच्या मुद्रेशी किती टक्के जुळलं ते दाखवायचा. सलग तीन दिवस चाळीसच्या खाली आलं की नोंदणी करता येणार होती. “शब्द संपला की थांबायचं नाही. पुढचा शब्द लगेच,” ती म्हणाली. “सहा आठवडे लागतील. मग सगळी दारं उघडतील, आणि मॅडमच्या नोंदींना कोणी हात लावणार नाही.”

पहिल्या दिवशी एक्क्याण्णव टक्के आले.

मला वाटायचं मी थांबतच नाही. पण शब्द संपला की माझी बोटं कळांवरून उचलली जायची. ती पुढचं सांगेल म्हणून. मी रोज चार तास बसायचो. वर्तमानपत्र उतरवून काढायचो, आरत्या लिहायचो, काचकामाची जुनी यादी लिहायचो. दोन आठवड्यांनी ऐंशी. मग एकाहत्तर. एकदा तिच्या आवडीच्या आमटीची कृती लिहायला घेतली, तर आकडा पुन्हा नव्वदवर गेला. ती कृती मी अर्धवट सोडली.

पाचव्या आठवड्यात सत्तेचाळीस आले. आकडा उतरत गेला तसं घर जास्त शांत होत गेलं. आधी मला तिचा आवाज ऐकू यायचा, म्हणजे कानाने नाही, पण यायचा. आता मी टाइप करायचो तेव्हा फक्त कळांचा आवाज असायचा. सहाव्या आठवड्यात मंगळवारी एकोणचाळीस, बुधवारी अडतीस, गुरुवारी अडतीस. शर्वरीने सोमवारी नोंदणी ठेवली.

शुक्रवारी दुपारी इसाकभाईंचा फोन आला. फाटकावर एक मुलगी सकाळपासून बसलीय, तुमचंच नाव घेते, उठत नाही.

मी फाटकाच्या आतल्या बाजूला उभा राहिलो, ती बाहेर. मध्ये गज. तिचं नाव अश्विनी धुर्वे, धारणीकडची. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला एका पेपरात नापास दाखवली होती, कारण स्कॅन करताना तिची पुरवणी सुटली होती. तिने पडताळणीचा अर्ज केला. सुचेताने तिला स्वतः फोन करून सांगितलं होतं की पुरवणी सापडली, तुझं काम झालं. पण निकालात ‘बदल नाही’ असंच आलं. परीक्षा विभाग म्हणे मॅडम वारल्या, त्यांची नोंद अंतिम आहे. तिच्याच तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात तिची निवड झाली होती. महिनाअखेरपर्यंत पास झाल्याचा निकाल दाखवला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार. महिनाअखेर सहा दिवसांवर होती.

“मॅडमचा एखादा कागद घरी असंल का?” ती म्हणाली. “मॅडमनं फोनवर सांगितलं ते खोटं नव्हतं. तेवढं मला माहीत आहे.”

मी तिला थांबायला सांगून घरी गेलो. सुचेताची वही कपाटात होती. हातात पेन धरवत नव्हतं तरी ती जाड स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहायची. तिची एक पद्धत होती : ज्या विद्यार्थ्याचे गुण बदलायचे, फक्त त्याचंच एक पान. ज्याचं पान नाही, त्याला बदल नाही.

ती दुपार मला आठवली. फेब्रुवारीतली. सहावं केमो झालं होतं, तिला झोप लागली होती आणि त्या दिवशी शेवटची तारीख होती. तिला उठवायला मन झालं नाही. तेवीस अर्ज राहिले होते. मी वही घेऊन बसलो आणि एकट्यानेच ते भरून टाकले. पान असेल त्याचे गुण, पान नसेल त्याला बदल नाही. संध्याकाळी ती उठली तेव्हा मी मोठ्या ऐटीत सांगितलं की सगळं झालं. तिने माझा हात दाबला होता.

त्या दिवसाची पानं मी एकेक उलटली. खोकल्याचं औषध सांडून दोन पानं एकमेकांना चिकटली होती. मी नखाने सोडवली. आतल्या पानावर होतं : ‘धुर्वे अश्विनी. पुरवणीची चार पानं तपासली नाहीत. एकतीसऐवजी एकोणपन्नास. बदल करावा.’

फाटकावर जाऊन मी तिला एवढंच म्हणालो की कागद आहे, मी बघतो. तिने पाया पडायला गजांतून हात घातला. मी मागे सरलो.

शर्वरीला बोलावून घेतलं आणि ती नको नको म्हणत असताना सगळं सांगितलं. मग तिने मला समजावून सांगितलं. नोंद सुचेताच्या हातची असेल तर ती अंतिम. ती दुसऱ्याच्या हातची आहे असं सिद्ध झालं तरच उघडता येते. पण मुद्रा एकच आहे. एक नोंद उघडायची म्हणजे चौदा महिन्यांच्या सगळ्याच उघडायच्या. बाराशे विद्यार्थ्यांच्या निकालावर ‘पडताळणी सुरू’ असा शिक्का लागेल. त्यांचं काही बिघडणार नाही, मूळ उत्तरपत्रिका आहेत, दोन महिन्यांत शिक्का निघेल. पण सुचेताच्या सेवापुस्तकात मुद्राभंगाचा शेरा जाईल. मी निलंबित होईन, क्वार्टर जाईल.

“सोमवारी तुमचं दार उघडतंय, काका,” ती म्हणाली. “फक्त तीन दिवस.”

“आणि त्या मुलीचं?”

“ती पुन्हा परीक्षा देईल. एक वर्ष जाईल.” तिला ते बोलवत नव्हतं. “मॅडमचं नाव मात्र कायमचं जाईल.”

शनिवार आणि रविवार मी घरातून हललो नाही. मी गप्प राहिलो तर तिचं नाव राहत होतं आणि माझी सुटका होत होती. त्यासाठी मला काही करायचंही नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. पण मग सुचेताने त्या मुलीला फोनवर जे सांगितलं ते खोटं ठरत होतं, आणि ते माझ्यामुळे. तोंड उघडलं तर सुचेता लबाड ठरत होती, आणि तेही माझ्यामुळेच. कोणत्याही बाजूने गेलो तरी तिलाच लागत होतं. वही मी समोर ठेवली होती. रविवारी संध्याकाळी मी शर्वरीला कळवलं की सोमवारी नोंदणी नको, समिती बोलाव.

सोमवारी समिती बसली, तीत चार जण होते. अध्यक्ष कुलसचिव डॉ. नेवासकर. माझं निवेदन मी त्याच सकाळी शर्वरीच्या कार्यालयात टाइप करून आधी पाठवलं होतं. नेवासकरांनी ते बाजूला सारलं.

“यंत्र म्हणतं हे निवेदन सुचेताबाईंचंही नाही आणि तुमचंही नाही,” ते म्हणाले. “मग मी ते कुणाचं धरू?”

वही त्यांनी चाळली. ती पुरावा म्हणून चालत नाही, म्हणाले, तिच्यावर मुद्रा नाही. मी म्हटलं, मग माझे हात बघा. मी टाइप करून दाखवतो.

आधी शर्वरीने सांगायचं आणि मी टाइप करायचं असं ठरलं. ती क्रमांक आणि नावं सांगत गेली. जिथे तिने श्वास घेतला तिथे मी थांबलो. चौतीस टक्के आले. मग मी एकटा बसलो. समोर नावांची यादी होती. टाइप केलं. अडतीस.

एक सदस्य खुर्चीत मागे रेलले. नेवासकरांनी चष्मा काढला.

“म्हणजे जुळत नाही,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटल्याचा भाव होता. “कासार, तुम्ही दुःखात आहात, आम्ही समजू शकतो. चूक यंत्राची होती असं लिहू. आजच नवी नोंदणी करून घ्या.”

शर्वरी माझ्याकडे बघत होती. फक्त उठायचं होतं. सहा आठवडे मी ज्यासाठी घाम गाळला ते हेच होतं. मी तिथून उठलो असतो तर मला कोणी काही म्हणालं नसतं.

“आणखी एकदा,” मी म्हणालो.

मी कळांवर बोटं ठेवली आणि लगेच सुरुवात केली नाही. घरची खुर्ची आठवली. तिच्या खुर्चीचा हात माझ्या कोपराला लागायचा. तिने पांघरलेली शाल. पहिला क्रमांक टाइप केला आणि बोटं उचलली. काही ऐकू आलं नाही. तरीही थांबलो. दुसरा क्रमांक. नाव. पुन्हा थांबलो. चौथ्या की पाचव्या नावाला मला कळलं की आता मी यादी वाचत नाहीये. ती सांगतेय आणि मी टाइप करतोय. घाई करावीशी वाटलीच नाही. यादी संपली तेव्हाही मी पुढच्या नावासाठी थांबून होतो. शर्वरीने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पडद्यावर त्र्याण्णव होतं, आणि खाली तिचं पूर्ण नाव.

मग नेवासकर धोरण वाचू लागले. सिद्ध झालं तर सीलबंद खातं एका तासासाठी उघडता येतं. त्या काळातल्या नोंदींसमोर खऱ्या माणसाचं नाव भरायचं, म्हणजे त्या पुन्हा तपासायला मोकळ्या होतात. मूळ उत्तरपत्रिका शर्वरीने सोबत आणली होती. अश्विनी धुर्वेचा पेपर त्यांनी तिथेच तपासला. एकोणपन्नास.

पडद्यावर एक रकाना आला : नोंद कोणाच्या हाताने झाली.

मी विचारलं की निर्णय कोणाचा होता यासाठी दुसरा रकाना आहे का. हात माझे होते, पण प्रत्येक गुण तिने ठरवलेला आहे. ती वेदना सोसत बसायची, उत्तरपत्रिका डोळ्यांजवळ धरून वाचायची. ते कुठे लिहायचं?

“धोरणात तसा रकाना नाही,” नेवासकर म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी खरोखर वरखाली शोधून पाहिलं.

म्हणजे तिथे माझं नाव भरलं की सुचेताचं काम ती वारायच्या चौदा महिने आधीच थांबलं असं होणार होतं. त्यानंतर ती नुसती आजारी होती. तिला जे नको होतं तेच. मी एकदा दाराकडे पाहिलं. तेही माझ्याने उघडणार नव्हतं.

मी माझं नाव टाइप केलं. मुकुंद, थांबलो, कासार.

पडद्यावर प्रश्न आला : सुचेता मुकुंद कासार, ही दुरुस्ती आपण स्वतः करत आहात?

नेवासकरांनी शर्वरीकडे पाहिलं. खातं सुचेताचं होतं, मुद्रा तिची जुळली होती, यंत्र तिलाच विचारणार. दुसरा मार्ग नव्हता. “हो लिहा,” ते म्हणाले.

मी ‘हो’ लिहिलं.

बाजूच्या खोलीत अश्विनीचा निकाल छापला गेला आणि शर्वरी तो घेऊन फाटकाकडे गेली. परत येऊन तिने माझ्यासाठी दार उघडलं. महिनाभरात क्वार्टर सोडायचं, असा कागद मला संध्याकाळी मिळाला.

बाराशे नोंदींसमोर आता माझं नाव आहे. सुचेताच्या खात्यात आजारपणानंतर तिच्या नावाची फक्त एकच नोंद आहे, त्या सोमवारच्या तारखेची, दुपारी एक वाजून दहा मिनिटांची. दुरुस्ती करणाऱ्याच्या जागी तिचं नाव आहे. खातं पुन्हा सीलबंद झालंय, त्यामुळे ते आता कोणालाच बदलता येणार नाही.